सायकल अंगाला बसते का?

सायकलवरून दूरच्या प्रवासाला निघालेल्या एका बाईंची उंची १५२ सेंटिमीटर आहे. त्यांनी कोणत्या मापाची सायकल घ्यावी? फ्रेमचे माप म्हणून बहुधा सीटखालच्या उभ्या नळीची लांबी सांगतात. पण तेवढ्याने भागत नाही. दांडा दोन पायांत घेऊन उभे राहिले असता वर तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा हवी. सामानाने लादलेली सायकल कलली, की त्या जागेचे मोल कळते.

खरी अडचण दांड्याच्या लांबीची. सीट वरखाली करता येते; दांडा मात्र आहे तेवढाच राहतो. तो लांब असला तर हात ताणावे लागतात आणि संध्याकाळपर्यंत मान, खांदे, मनगटे दुखू लागतात.

मग दांडा आखूड केला की झाले! पण येथे चाकच आडवे येते. नेहमीच्या टूरिंग सायकलचे चाक टायरसह सुमारे ६९ सेंटिमीटर व्यासाचे असते. दांडा आखूड केला, की पुढचे चाक पायडलजवळ सरकते आणि हँडल वळवताना बुटाचे टोक चाकाला घासते. (दुकानात पायडल पुढे आडवे धरून, हँडल वळवून हे अवश्य पाहा.) म्हणून लहान फ्रेमला २६ इंची चाके बरी.

अमेरिकेत जॉर्जिना टेरी या अभियंता बाईंनी १९८५ मध्ये स्त्रियांसाठी सायकलींची कंपनी काढली. त्यांच्या कित्येक सायकलींचे पुढचे चाक २४ इंची आणि मागचे नेहमीचे मोठे असे. दिसायला विचित्र, पण हिशेब चोख! प्रवासात मात्र दोन मापांच्या ट्यूब जवळ बाळगाव्या लागत.