गोल्फच्या काठीचें माप

‘नाचतां येईना, अंगण वाकडें’ ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ आहे कीं, हत्याराला दोष देणारा मनुष्य तोंड उघडण्यापूर्वींच हास्यास्पद ठरतो. परंतु अंगण क्वचित् खरोखरच वाकडें असतें. आणि तें वाकडें आहे कीं नाहीं, हें मोजून ठरवितां येतें. गोल्फच्या खेळांतील लोखंडी काठ्यांच्या बाबतींत हें मोजमाप कसें करतात, आणि तें न केल्यास नवशिक्याचें काय नुकसान होतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या किनाऱ्यावर नरपड नांवाचें गांव आहे. हा टापू गोल्फसाठीं नव्हे, चिकूच्या वाड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तरीपण काठीच्या मापाचें तत्त्व समजून घेण्यास वाडींतील फावडें पुरेसें आहे. फावड्याच्या दोन गोष्टी कामकऱ्याच्या अंगाला जुळाव्या लागतात. एक, दांड्याची लांबी. आणि दुसरी, पातें दांड्याशीं करीत असलेला कोन. उंच माणसाच्या हातीं आंखूड दांडा आला तर दुपारपर्यंत त्याची कंबर भरून येते. पात्याचा कोन चुकला तर तें मातींत सरळ न शिरतां वरवर खरवडत जातें. म्हणून जाणता मनुष्य पाचर मारून फावडें आधीं आपल्या हाताजोगें करून घेतो व मगच कामास लागतो.

मुंबईला गोल्फचा परिचय १८४२ पासून आहे. चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. त्या काळापर्यंत काठ्यांचे दांडे बहुधा हिकरी नांवाच्या लांकडाचे असत. खेळाडू कारागिराच्या दुकानांत जाऊन एकेक काठी हातांत तोलून पाही व आपणांस मानवेल तीच घेई. पोलादी दांड्यास अमेरिकेंतील नियामक मंडळानें १९२४ सालीं आणि सेंट अँड्र्यूज येथील मंडळानें १९२९ सालीं मान्यता दिली. पोलादामुळें एकसारख्या काठ्यांचे संच कारखान्यांत तयार होऊं लागले. मोठी सोय झाली, परंतु एक गोष्ट हातची गेली. कारखाना काठी बनवितो ती एका सरासरी मनुष्यासाठीं, आणि असा सरासरी मनुष्य मैदानावर क्वचितच भेटतो.

प्रथम लांबीचा विचार करूं. सात नंबरची लोखंडी काठी साधारणपणें ३७ इंच असते. नंबर एकानें वाढला कीं लांबी अर्ध्या इंचानें कमी होते. खेळाडूला कोणती लांबी योग्य, हें केवळ त्याच्या उंचीवरून ठरत नाहीं. कारण सारख्याच उंचीच्या दोघांचे हात सारखे लांब असतातच असें नाहीं. म्हणून खेळाडूस जोडे घालून ताठ उभें करतात, हात सैल सोडावयास सांगतात, आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजतात. उंची व हें अंतर यांचा मेळ घालून काठी अर्धा इंच किंवा एखादा इंच वाढवितात अगर कमी करतात. काठी फार लांब असली तर पातें जड भासतें व आंवरत नाहीं; फार आंखूड असली तर खेळाडू कंबरेंत नको तितका वांकतो.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. काठीच्या पात्याला टाच, चवडा आणि तळ हे भाग असतात. दांड्याजवळची बाजू ती टाच व दूरची तो चवडा. तळ जमिनीवर सपाट टेकला असतां दांडा जमिनीशीं जो कोन करतो, त्यास ‘लाय’ म्हणतात. सात नंबरच्या काठींत तो सामान्यतः ६२ ते ६३ अंशांचा असतो. खेळाडूच्या मानानें काठी अधिक उभी असली तर चवडा वर उचलला जातो. अधिक आडवी असली तर टाच वर जाऊन चवडा जमिनींत रुततो. उजव्या हातानें खेळणाऱ्याचा चेंडू पहिल्या प्रकारांत डावीकडे आणि दुसऱ्या प्रकारांत उजवीकडे जातो.

असें कां व्हावें, हें श्रोत्यांनीं घरच्या घरीं पाटीवर पाहावें. पाटी समोर उभी धरून तिचें तोंड समोरच्या भिंतीकडे करावें आणि तिची उजवी कड थोडी वर उचलावी. पाटीचें तोंड भिंतीकडेच राहतें. आतां पाटीचा माथा आपल्याकडे कलता करून पुन्हा तीच कड उचलावी. या वेळीं पाटीचें तोंड डावीकडे वळलेलें दिसेल. लोखंडी काठीचें पातें असेंच मागें कललेलें असतें. सात नंबरचा हा कल सुमारें ३४ अंश धरला आणि लायमध्यें ४ अंशांची चूक असली, तर पात्याचें तोंड जवळजवळ पावणेतीन अंश वळतें. १५० यार्डांवर तें अंतर सुमारें ७ यार्ड भरतें. हाच हिशोब १० अंश कलाच्या लांब पल्ल्याच्या काठीला लावला तर तितक्याच अंतरावर चूक २ यार्डांच्या आंत राहते. म्हणून लायचें महत्त्व आंखूड व अधिक कलत्या काठ्यांत विशेष.

परंतु स्थिर उभ्या माणसाचें माप पुरें पडत नाहीं. काठी वेगानें खालीं येते तेव्हां दांडा किंचित् वांकून चवडा खालीं झुकतो, आणि हातही आरंभीच्या स्थितीपेक्षां बहुधा वर असतात. यास्तव काठीच्या तळाला चिकटपट्टी लावून कठीण फळीवरून चेंडू मारावयास लावतात. तळाच्या मध्यावर ओरखडा उठला तर लाय बरोबर. टाचेकडे उठला तर काठी अधिक उभी. चवड्याकडे उठला तर अधिक आडवी. फळी नसेल तर चेंडूवर शाईनें उभी रेघ ओढून ती पात्याकडे करून ठेवतात. तिचा ठसा पात्यावर उभा न उमटतां कललेला उमटला तर लाय जुळत नाहीं असें समजावें. नुसतें चेंडू कोठें गेला हें पाहून निर्णय करूं नये, कारण हात वळल्यामुळेंही चेंडू वांकडा जातो.

दोष ठरला म्हणजे पातें शिकंज्यांत धरून मानेशीं एखाद-दोन अंश वांकवितात. मऊ पोलादाचें घडीव पातें हें सहज सोसतें. कठीण ओतीव पात्यास तडा जाण्याची भीति असते, म्हणून तेथें बेतानेंच घ्यावें लागतें. लांबी बदलली तर लाय पुन्हा तपासावी. अर्धा इंच वाढविलेली काठी सुमारें एक अंश अधिक उभी असल्यासारखी वागते. ‘पिंग’ काठ्यांचे निर्माते कार्स्टन सोलहाइम हे मूळचे इंजिनिअर. त्यांच्या कारखान्यानें १९७२ सालीं निरनिराळ्या लायसाठीं रंगीत ठिपक्यांची पद्धति सुरू केली, आणि मापाची काठी मागणें सर्वसामान्य ग्राहकाला सुलभ झालें. रूढ माप म्हणजे कांहीं वेदवाक्य नव्हे, हें ब्रायसन डीशँबो या अमेरिकन खेळाडूनेंही दाखवून दिलें. त्याच्या सर्व लोखंडी काठ्या एकाच लांबीच्या. त्या घेऊन त्यानें २०२० व २०२४ सालीं अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली.

हा सर्व खटाटोप श्रीमंतांचा शौक आहे, असें कोणी म्हणेल. वस्तुस्थिति उलट आहे. श्रीमंत खेळाडू काठी न मानवल्यास दुसरी घेतो. ज्याला दुसऱ्याच्या टाकलेल्या काठीवर शिकावें लागतें, त्याचीच खरी अडचण होते. १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारा कॅडी होता. अशा मुलांच्या, किंवा वडिलांची जुनी काठी कापून घेतलेल्या घरच्या मुलांच्या, हातीं बेमाप काठी येते तेव्हां काय होतें? चेंडू डावीकडे जातो. मुलगा नकळत हात उजवीकडे ढकलून ती चूक झांकतो. ती ढब अंगीं मुरते. पुढें योग्य काठी मिळाली कीं तोच चेंडू उजवीकडे जाऊं लागतो, आणि सर्व जण म्हणतात, मुलाच्या हातांत कला नाहीं. कापलेल्या काठीचा दांडा ताठर होतो, पातें मात्र मोठ्या माणसाचेंच राहतें, हा त्यावर आणखी एक भार.

मापाच्या काठीनें वाईट खेळ चांगला होत नाहीं, हें खरें. नवशिक्याची ढब अजून बसलेली नसते. म्हणून त्याची लांबी आधीं ठीक करावी, लाय ढोबळ जुळवावी, आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हा पाहावी. वाढत्या वयाच्या मुलाचें माप तर दरवर्षीं घ्यावें. या कामास मोजपट्टी, चिकटपट्टी आणि एक फळी एवढेंच साहित्य लागतें. ‘तुला जमत नाहीं’ हे शब्द मुलाच्या मनांत फार खोल जातात. ते उच्चारण्यापूर्वीं वडील मंडळींनीं व शिक्षकांनीं त्याच्या हातांतील काठीचें माप एकदां घ्यावें, इतकेंच सुचवावयाचें आहे.