डावा कोपरा

आमच्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार आणि नाटक, दिवसा कबड्डी. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीतली धसकटे उपटायची, पाणी मारून जमीन दाबायची, चुन्याने रेषा आखायच्या, की झाले मैदान. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या अशा मैदानांवर मी अकरा वर्षे डावा कोपरा सांभाळला. गुडघा गेल्यापासून गुणलेखकाच्या टेबलाशी बसतो. खेळताना जे कळले नव्हते ते तक्ता भरताना कळले. बचावपटूच्या कामाचा मोठा भाग तक्त्यात येतच नाही.

मागच्या हिवाळ्यात एका सामन्यानंतर एक शेतकरी बाप टेबलाशी आला. त्याचा मुलगा उजव्या कोपऱ्यात खेळला होता. "गुरुजी, पोरगा कसा खेळला?" मी तक्ता पुढे केला. एक पकड, दोनदा बाद. "म्हणजे काहीच नाही," तो म्हणाला. मुलाला सरावासाठी नागपूरला ठेवायचे की बारावीनंतर शेतीत घ्यायचे, हे त्याला ठरवायचे होते. त्या दिवशी समोरच्या संघाचा सर्वांत चांगला चढाईपटू त्या मुलाच्या बाजूने नऊ वेळा आला आणि नऊही वेळा रिकाम्या हाताने परतला. ते दाखवायला माझ्याकडे रकाना नव्हता.

हे समजायला मैदान डोळ्यांपुढे हवे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटरची खोली. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूने निदान रेषा ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद. त्याच्याकडे ३० सेकंद असतात. समोर सात जण अर्धवर्तुळात उभे. दोन टोकांना दोन कोपरे, मधल्या फळीत कव्हर. सगळ्यांचे हात एकमेकांच्या हातात, म्हणून तिला साखळी म्हणतात.

कोपऱ्याचे हत्यार म्हणजे घोट्याची किंवा मांडीची पकड. ती दिसते, टाळ्या घेते. तिचे मोलही मोठे आहे. आज प्रचलित असलेल्या संजीवनी पद्धतीत एका पकडीने गुण मिळतो, चढाईपटू बाहेर जातो आणि आपला बाद झालेला एक गडी आत येतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेली पकड अव्वल ठरते, तिला दोन गुण. पण कोपऱ्याची खरी परीक्षा पकड न करण्यात असते. चढाईपटू पाय पुढे सोडतो, तो मुद्दाम सोडलेला असतो. कोपरा झेपावला की साखळी तुटते, त्याच्या पाठीवर हात लागतो आणि गुण गेला. जो झेपावत नाही, पाऊल मागे घेतो, कव्हरला नजरेने थांबवतो, त्याच्यामुळे तीस सेकंद वाया जातात. तक्त्यात त्या चढाईपुढे शून्य लिहितात. ते शून्य चढाईपटूच्या नावावर असते. ज्याने ते घडवले त्याचे नाव कुठेच नसते.

प्रो कबड्डीने 'करो या मरो' चढाई आणली ती खेळ रटाळ होऊ नये म्हणून. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. माझ्या मते या नियमाने नकळत बचावपटूच्या संयमाला पहिल्यांदा किंमत दिली. तरी पकड न होता मिळालेला तो गुण संघाच्या खात्यात पडतो.

बर्फावरच्या हॉकीत हा हिशेब करायचा एक प्रयत्न झाला आहे. दोन्ही संघांचे खेळाडू सारखे असताना आपला गोल झाला, तर त्या वेळी बर्फावर असलेल्या प्रत्येकाला एक अधिक. गोल खाल्ला तर एक उणे. बॉस्टनचा बचावपटू बॉबी ऑर याने १९७०-७१ च्या हंगामात अधिक १२४ ची नोंद केली, तो विक्रम आजही उभा आहे. गुडघ्याच्या अनेक शस्त्रक्रियांनंतर १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला.

गुडघा हा आमच्याकडेही कारकिर्दीचा मालक. घोटा धरून कोपरा जमिनीवर असतो, पाय तिरका अडकलेला असतो आणि त्यावर आपलेच चार गडी कोसळतात. माझे तसेच झाले. आतला बंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तुटला. ती पकड यशस्वी होती, एक गुण मिळाला. तक्त्यात तेवढेच आहे.

व्यवसाय म्हणून पाहिले तर आपल्याकडे कबड्डीपटूची कारकीर्द म्हणजे बराच काळ नोकरीच होती. रेल्वे, पोलीस, बँका, कंपन्यांचे संघ. संघात निवड झाली की पगार आणि पुढे पेन्शन. विदर्भाला या खेळाचा अभिमान जुना आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे प्रात्यक्षिके दाखवली होती. पण निवड चाचणीत पाच-सात मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात चढाईपटू नजरेत भरतो. माझ्याबरोबर चाचणी दिलेला आमचा चढाईपटू नोकरीला लागला. मी तीन चढाया रिकाम्या घालवल्या होत्या.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा पहिल्या लिलावातली सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. मग महाराष्ट्रातले बचावपटू घराघरांत पोचले. मुंबईचा विशाल माने कव्हरला उभा राहून २०१५ मध्ये यू मुंबासोबत विजेता झाला. डावा कोपरा खेळणारा ठाणे जिल्ह्यातला गिरीश एर्नाक पुणेरी पलटणकडून खेळला आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय संघात होता. तिथे उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरवले. अठरा गुण! इराणी बचावाने काय केले हे त्या आकड्यातच आहे. त्याच वर्षीच्या लिलावात यू मुंबाने इराणच्या फझल अत्राचली या डाव्या कोपऱ्याला एक कोटी मोजले होते. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने त्याच देशाच्या मोहम्मदरेझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतले. त्याच लिलावात थोड्या वेळाने पवन सेहरावत या चढाईपटूने तो आकडा मागे टाकला, ही गोष्ट वेगळी. १ मार्च २०२४ रोजी पुण्याने अंतिम सामना २८-२५ असा जिंकला. कमी गुणांचे सामने प्रेक्षकांना आवडत नाहीत म्हणतात. मला तो सामना पुन्हा पाहावासा वाटतो.

त्या बापाला मी हे सगळे सांगितले नाही. तक्त्याच्या मागे पेन्सिलीने नऊ रेघा काढल्या आणि प्रत्येक रेघ म्हणजे काय ते सांगितले. तो बराच वेळ कागद बघत राहिला. मग म्हणाला, "हे पुढच्या बाजूला लिहिता येत नाही का, गुरुजी?"

मुलगा एक वर्षासाठी नागपूरला आहे. या मंडईत मी तक्त्याच्या मागे दोन रकाने आखून ठेवले आहेत, डावा आणि उजवा.