पायपर जे-३ कब विमानातील सुकाणूच्या केबल

पायपर जे-३ कब या, १९४७ पर्यंत उत्पादन झालेल्या अमेरिकी दोन आसनी विमानात शेपटीचे उभे सुकाणू (रडर) पायातील पेडलांनी फिरवतात. पोलादी केबल केवळ ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून दोन्ही बाजूंस स्वतंत्र केबल असते. मार्गदर्शक कड्यांतून जाताना ती घासून झिजते. तपासणीत केबलवरून कापड फिरवतात. तुटलेला तंतू त्यात अडकतो. उघडा हात फिरवल्यास तो बोटात घुसतो. आतील गंज मात्र कापडाने कळत नाही. त्यासाठी केबल सैल करून, किंचित वाकवून पाहावी लागते. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळण्याजोगे नाही. केबल बदलल्यावर डावे पेडल दाबताच सुकाणू डावीकडेच वळते ना, हे उड्डाणापूर्वी प्रत्यक्ष पाहतात.