परळचे लाटसाहेबांचे घर
आपली साष्टी : लेखांक 9

गेल्या आठवड्यात आपण बोरिवलीच्या मंडपेश्वरला होतो. शिवाची लेणी, त्यांच्या माथ्यावर पोर्तुगीजांचा मठ आणि मराठे आल्यावर पुन्हा सुरू झालेली पूजा, असा तो प्रवास. आज खाडी ओलांडून परळला जायचे आहे. अंधेरी-बोरिवलीकरांनी प्रभादेवीला उतरावे, मुलुंड-घाटकोपरकरांनी परळला. केईएम, वाडिया, टाटा या रुग्णालयांच्या निमित्ताने हा भाग उपनगरातल्या बहुतेक घरांच्या ओळखीचा आहे. आचार्य दोंदे मार्गावरच्या हाफकिन संस्थेच्या आवारात मात्र सहसा कोणी शिरत नाही.

संस्थेची जुनी इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचे एकेकाळचे घर. मुळात ते जेझुइट पाद्र्यांचे होते. 1689-90 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली, तेव्हा पाद्री त्याला सामील झाल्याचा ठपका ठेवून इंग्रजांनी ही मालमत्ता जप्त केली. पुढे गव्हर्नर उन्हाळ्यात इथे राहू लागले आणि विल्यम हॉर्नबीने तर कायमचा मुक्कामच इकडे हलवला. प्रार्थनामंदिराची जागा मेजवानीच्या दालनाने घेतली. 1825 मध्ये एल्फिन्स्टनकडे पाहुणा म्हणून आलेल्या बिशप हेबरच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही.

1714 ते 1830 या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज राजे बसले. त्या काळातल्या बांधणीला जॉर्जियन म्हणतात आणि हे घर त्याच धाटणीचे आहे. दर्शनी भाग दोन्ही बाजूंनी सारखा, खिडक्या समान अंतरावर, नक्षीकाम बेताचे, ही तिची ओळख. मुंबईत पुढे व्हिक्टोरियन गॉथिकचे एवढे पीक आले की हा साधा, प्रमाणबद्ध थाट आपण विसरूनच गेलो. मला तो जास्त आवडतो.

पण साष्टीच्या लेखमालेत परळ कशाला? कारण हॉर्नबी. आज आपण ज्याला उपनगर म्हणतो तो मुलूख 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला होता. मुंबई बेट इंग्रजांचे, माहीमच्या खाडीपलीकडे मराठी राज्य. डिसेंबर 1774 मध्ये, हॉर्नबीच्याच कारकिर्दीत, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी गेली. 1782 च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या गावांचा धनी बदलला, तेव्हा मुंबईचा कारभार पाहणारा माणूस हाच होता. हे घर आपल्याही इतिहासाचा भाग आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

1804 मध्ये जेम्स मॅकिंटॉशने याच घरात मुंबईची साहित्यसभा भरवली. आजची एशियाटिक सोसायटी तिच्यातूनच उभी राहिली. 1880 च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा कॉलऱ्याने मृत्यू झाला आणि लाटसाहेबांचा मुक्काम मलबार हिलला हलला.

घर पडून राहिले असते. 1896 मध्ये प्लेग आला आणि घराचे नशीब पालटले. आधी इथे प्लेगचे रुग्ण ठेवले गेले, आणि 1899 मध्ये वाल्डेमार हाफकिनची प्रयोगशाळा इथे आली. त्याने लस तयार केली ती अशी : मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत. अधूनमधून बाटली हलवून त्यांना खाली पाडायचे, म्हणजे नवे धागे वाढू लागत. शेवटी उष्णता देऊन जंतू मारायचे. ही लस त्याने 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती. पुढे उंदरांवरच्या पिसवांतून प्लेग पसरतो, हे सिद्ध करणारे महत्त्वाचे कामही परळलाच झाले. 1925 मध्ये संस्थेला हाफकिनचे नाव मिळाले.

आवारात संस्थेचे संग्रहालय आहे. त्याचा भर रोग आणि लसी यांवर असणार, ते साहजिकच आहे. तरी तिथे एखादी भिंत घराच्या स्वतःच्या कहाणीला मिळावी, आणि त्या भिंतीवर साष्टीचा जुना नकाशा असावा, अशी माझी मनापासून मागणी आहे. आपल्या मुलांना सहलीला किल्ले दाखवतात, लेणी दाखवतात. ज्या घराच्या धन्याच्या काळात आपल्या गावांचे राज्य बदलले, ते घरही त्यांनी पाहायला हवे.

संस्थेत रोजचे काम चालते, म्हणून आधी चौकशी करूनच जावे.