शिंजुकू : दीडशे चौरस फुटांची मैफल

टोकियोतल्या शिंजुकू स्थानकातून कोविडपूर्व काळात रोज सुमारे ३५ लाख माणसे ये-जा करत. जगातले सर्वांत गर्दीचे स्थानक म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. स्थानकाच्या पश्चिमेला, रेल्वेच्या रुळांना खेटून, ओमोइदे योकोचो नावाचे बोळ आहेत. तिथे कोळशाच्या धुरात माणसे खांद्याला खांदा लावून खात-पीत बसलेली असतात. पूर्वेला दहा-एक मिनिटे चालले की हानाझोनो या शिंतो देवळाच्या शेजारी गोल्डन गाई लागते. तिथे सहा अरुंद गल्ल्यांत दोनशेहून अधिक बार दाटीवाटीने उभे आहेत. शिवाय आजूबाजूच्या चिंचोळ्या इमारतींच्या सातव्या, आठव्या, नवव्या मजल्यांवर असे कितीतरी कॉकटेल बार आहेत की ज्यांचा रस्त्यावरून थांगपत्ता लागत नाही. प्रवासवर्णनांत या सगळ्याला ‘लपलेले टोकियो’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती मला चुकीची वाटते. शिंजुकूत कोणी काही लपवलेले नाही. इथली जागा लहान आहे, आणि ती लहान का राहिली याच्यामागे युद्ध आहे, कायदा आहे, मालकीहक्काचा गुंता आहे. इथल्या खाण्यापिण्याचे जे अप्रूप वाटते, ते या लहान जागेतूनच आले आहे.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानच्या शरणागतीची घोषणा झाली आणि पाचच दिवसांत, २० ऑगस्टला, शिंजुकूच्या पूर्वेला जळून गेलेल्या जमिनीवर काळा बाजार भरला. तो भरवणारा ओझु किनोसुके हा एका टोळीचा म्होरक्या होता. पश्चिमेलाही फळकुटांच्या आडोशाने दुकाने उभी राहिली. गव्हाचे पीठ नियंत्रणाखाली होते, ते उघडपणे मिळेना. जनावरांची आतडी-काळजे मात्र नियंत्रणाबाहेर होती. म्हणून वजडी, कलेजी, हृदयाचे तुकडे काडीला टोचून कोळशावर भाजायचे आणि सोबत हाताला लागेल ती दारू विकायची, असा धंदा सुरू झाला. ओमोइदे योकोचोत आजही तोच पदार्थ मिळतो, सोया सॉसच्या दाट गोडसर ‘तारे’त बुडवलेला किंवा नुसते मीठ लावलेला. टंचाईने गळ्यात मारलेला पदार्थ ऐंशी वर्षे टिकला, कारण भाजणाऱ्यांनी त्याचे शास्त्र केले. कलेजी मधोमध किंचित मऊ राहिली पाहिजे, आतड्यावरची चरबी मात्र कडकडीत झाली पाहिजे. दोन्ही एकाच निखाऱ्यावर साधायचे, तर भाजणाऱ्याची नजर तिथून हलता कामा नये. १९४९ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने रस्त्यावरच्या टपऱ्या हटवायला लावल्या. तेव्हा पूर्वेकडच्या टपरीवाल्यांना आजच्या गोल्डन गाईच्या जागी हलवण्यात आले. तिथे दारूच्या आडून वेश्याव्यवसाय चाले. १९५६ च्या वेश्याव्यवसायविरोधी कायद्यातील शिक्षेच्या तरतुदी १९५८ साली लागू झाल्या आणि तो बंद पडला. खोल्या तेवढ्या राहिल्या, आणि त्यांत बार आले.

या खोल्या जपानी मापाने तीन किंवा साडेचार त्सुबोंच्या, म्हणजे साधारण १०७ किंवा १६० चौरस फुटांच्या आहेत. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोलीही १६० चौरस फुटांचीच. तेवढ्यात काउंटर, त्यामागे मालक, बाटल्यांची फळी, मोरी, आणि काउंटरसमोर सहा-सात स्टुले. वरच्या मजल्यावर दुसऱ्याचा बार असतो आणि त्याचा जिना इतका उभा की हाताचा आधार घेतल्याशिवाय चढता येत नाही. अशा जागेत वेटर नसतो, कारण त्याला उभे राहायला जागाच नसते. मालकच ओततो, कापतो, भांडी विसळतो, हिशेब करतो आणि बोलतोही. नवा माणूस आत आला की बसलेल्यांना सरकून जागा द्यावी लागते. त्या सरकण्यातच बोलण्याला तोंड फुटते. गोल्डन गाईत लेखक, चित्रपट दिग्दर्शक, नाटकवाले, पत्रकार यांचे अड्डे जमले, त्याचे श्रेय अनेकदा त्या काळाच्या वातावरणाला दिले जाते. मला मात्र स्टुलांची संख्या महत्त्वाची वाटते. सात माणसांच्या खोलीत एखाद्या विषयाची आवड असलेल्या मालकाला तेवढीच सात माणसे पुरतात. म्हणून एक बार फक्त जॅझचा, एक फक्त फ्रेंच सिनेमाचा, एक फक्त हॉरर चित्रपटांचा, असे चालू शकते. शंभर खुर्च्यांच्या जागेला सगळ्यांना आवडेल असेच काहीतरी ठेवावे लागते.

परक्या माणसाला खुपणारी आकारणीही इथेच उलगडते. इझाकायात, म्हणजे पिण्याखाण्याच्या दुकानात, बसताच न मागता एक छोटी वाटी समोर येते. तिला ‘ओतोशी’ म्हणतात. शिजवलेली भाजी, खारवलेला मासा, थोडे टोफू असे काही त्यात असते आणि बिलात तिचे ३०० ते ५०० येन लागतात. गोल्डन गाईत बसण्याचे वेगळे ५०० ते १५०० येन घेतात. न मागवलेल्या चकण्याचे पैसे कशाला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण सहा स्टुलांच्या दुकानात एकाने एका ग्लासावर दोन तास काढले, तर दिवसाच्या कमाईचा मोठा वाटा बुडतो. हे पैसे म्हणजे त्या स्टुलाचे भाडेच. ते भरले की कोणी उठायची घाई करत नाही. दर दाराशी लिहिला असेल तर त्यात फसवणूक नाही. लिहिला नसेल तर विचारावा, आणि रस्त्यावर हाताला धरून आत नेणाऱ्या दलालाच्या मागे मुळीच जाऊ नये. शिंजुकूच्याच काबुकिचो भागात त्याविरुद्ध ध्वनिक्षेपकावरून इशारे दिले जातात ते उगीच नव्हे.

लहान जागा ही केवळ युद्धोत्तर गरिबीची खूण आहे, असे म्हणावे तर इतिहास आड येतो. १८११ साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, खाणावळींची मोजदाद झाली. तेव्हा शिजवलेले पदार्थ देणाऱ्या इझाकायाच १८०८ भरल्या होत्या. एवढ्या दाटीत त्या लहानच असणार. गिंझा तर टोकियोतला सर्वांत महागडा भाग. तिथेही बार लहानच आहेत. १९२८ साली सुरू झालेला ‘लुपिन’ हा बार तिथल्या एका मागच्या बोळात तळघरात आहे. कादंबरीकार दझाई ओसामु यांचे तिथल्या स्टुलावर पाय वर घेऊन बसलेले १९४६ चे छायाचित्र जपानमध्ये सर्वांना ठाऊक आहे. काळ्या बाजारात जागा लहान ठेवली ती टंचाईने, गिंझात ती लहान ठेवली जमिनीच्या भावाने. परिणाम एकच झाला. मालक आणि गिऱ्हाईक यांच्यात हातभर अंतर उरले, आणि हातभर अंतरावर काम करणाऱ्याला ढिलाई परवडत नाही. जपानी बारटेंडरांच्या बर्फावरच्या प्रेमाचे कूळ मला इथे सापडते. दोन-तीन दिवस सावकाश गोठवलेली काचेसारखी लादी घ्यायची, सुरीने तासून ग्लासात नेमका बसेल असा तुकडा करायचा, तो धुऊन कडा गुळगुळीत करायच्या आणि मगच व्हिस्की ओतायची. हे सगळे गिऱ्हाइकाच्या नाकासमोर घडते. मागच्या खोलीत यंत्राने बर्फ पाडणाऱ्या मोठ्या बारला हा सोस करायला काही कारणच नसते.

आता उंच इमारतींकडे वळू. स्थानकांभोवतीच्या या इमारतींना ‘झाक्क्यो’ म्हणतात. एकेका मजल्यावर वेगळा भाडेकरू, दर्शनी भागावर उभ्या पाट्यांची माळ आणि आत एक लहानशी लिफ्ट. तळमजल्याचे भाडे चढे आणि वर जावे तसे ते उतरत जाते, म्हणून ज्याच्याकडे भांडवल थोडे आणि कसब भरपूर तो वर जातो. पश्चिम शिंजुकूतला ‘बेनफिडिक’ हा त्याचा उत्तम दाखला आहे. हिरोयासु कायामा यांनी २०१३ साली तो अशाच एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर सुरू केला. त्यांच्या घरची शेती आहे. तिथल्या वनस्पती, मुळ्या आणि मसाले ते गिऱ्हाइकासमोर खलबत्त्यात कुटून पेयात घालतात. हा बार आज जगभर नावाजला जातो, पण रस्त्यावर त्याची खूण म्हणजे पाट्यांच्या माळेतली एक पाटी. परवान्याची पद्धतही अशा माणसाला अनुकूल आहे. जपानमध्ये बसून पिण्याची दारू विकायला आरोग्य खात्याचा खाद्यव्यवसाय परवाना पुरतो, आणि मध्यरात्रीनंतर मुख्यतः दारूच द्यायची तर पोलिसांना कळवावे लागते. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून परमिट रूम जन्माला आली. मोठ्या शहरांत तिचे वार्षिक शुल्कच लाखांत जाते. एवढे पैसे भरणारा माणूस सात खुर्च्यांवर भागवू शकत नाही. त्याला टेबले वाढवावीच लागतात.

मुद्दाम लपवलेल्या बारची जगातली लाट टोकियोतूनच गेली, हेही नोंदवायला हवे. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये टोनी योशिदा यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘एंजल्स शेअर’ हा बार काढला. पहिल्या मजल्यावरच्या जपानी खाणावळीत शिरायचे आणि आतल्या एका साध्या दारातून बारमध्ये जायचे, अशी रचना होती. त्याचा प्रभाव घेऊन साशा पेट्रास्की यांनी न्यूयॉर्कमध्येच ‘मिल्क अँड हनी’ सुरू केला, आणि पुढे टेलिफोनच्या खोक्यातून शिरण्याचे, कपाटामागच्या दाराचे बार शहराशहरांत निघाले. टोकियोत जे जागेच्या अडचणीतून झाले, ते बाहेर सजावट म्हणून गेले. अशा बारांत पेये चांगली असू शकतात. परंतु कपाटामागे दार ठेवून शेजारच्या दोन माणसांत बोलणे सुरू होत नाही. त्यासाठी स्टुले कमी लागतात, मालक समोर लागतो आणि भाडे झेपेल इतके लागते.

या सगळ्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आगीचा आहे, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. १९९९ साली ओमोइदे योकोचोतले दोन डझनांहून अधिक गाळे जळाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये गोल्डन गाईत आग लागली. सर्वांत भीषण घटना १ सप्टेंबर २००१ ची. काबुकिचोतल्या ‘म्योजो ५६’ या झाक्क्यो इमारतीत ४४ माणसे मेली. एकच जिना आणि तोही सामानाने अडवलेला, त्यामुळे वरच्यांना बाहेर पडता आले नाही. मग हे सगळे पाडून रुंद रस्ते का करू नयेत? मला वाटते, त्या मृत्यूंचे कारण जागेचा लहानपणा नव्हता. मालकांचा निष्काळजीपणा आणि तपासणीचा अभाव हे होते. २००२ साली अग्निशमन कायद्यात दुरुस्ती होऊन तपासणीचे अधिकार आणि दंड वाढवले गेले, आणि उपाय त्याच दिशेने कडक व्हायला हवा. गोल्डन गाईच्या लाकडी इमारतींना धोका आहेच, तो नाकारून चालणार नाही. पण पाडापाडीत सुरक्षिततेबरोबर दुसराही हेतू असू शकतो, हे तिथल्या लोकांनी अनुभवले आहे. १९८० च्या दशकात जमिनीचे भाव भडकले तेव्हा तिथे आगी लागल्या. जागा मोकळी करण्यासाठी त्या लावल्या जात असल्याचा दाट संशय होता. बारवाल्यांनी आणि त्यांच्या चाहत्यांनी आळीपाळीने रात्रीचे पहारे दिले.

दुसरा आक्षेप असा की हे बार नव्या माणसाला, विशेषतः परदेशी माणसाला, दार लावून घेतात. काही ठिकाणी ते खरे आहे. नेहमीच्याच गिऱ्हाइकांसाठी असलेल्या बारांचे दार उघडायला ओळखीचा माणूस लागतो. केवळ परदेशी म्हणून नकार देणे अन्यायाचे आहे आणि जागेच्या अडचणीचे कारण तिथे पुरत नाही. तरी एकंदर चित्र उलट्या दिशेने सरकले आहे. पूर्वीच्या भाडे कायद्यात भाडेकरूला काढणे जवळपास अशक्य होते, म्हणून मालक नव्याला खोली देताना कचरत. मुंबईच्या पागडीवाल्यांना ही अडचण सांगावी लागणार नाही. मार्च २००० पासून ठरावीक मुदतीचे करार करता येऊ लागले, आणि गोल्डन गाईत तरुण मालक आले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी दारावर इंग्रजी दरपत्रके लावली आहेत. शाकाहारी माणसाची अडचण मात्र खरी आहे. जवळजवळ प्रत्येक रश्श्यात आणि उकडलेल्या भाजीत माशाच्या अर्काचा ‘दाशी’ असतो, आणि थंड टोफूवरही माशाचा कीस भुरभुरलेला असतो. कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, मीठ लावून भाजलेल्या मिरच्या, लोणची एवढ्यावर संध्याकाळ काढायची तयारी हवी. तीही आधी विचारून.

शेवटचा आक्षेप बांधकाम व्यावसायिकांचा. बोळांचे रूप ठेवून नव्या सुरक्षित इमारतीत तेच उभारता येईल, असे ते म्हणतात. तसे प्रयोग झालेही आहेत. २०२० साली शिबुयाच्या मियाशिता पार्कमध्ये ‘शिबुया योकोचो’ उघडले, २०२३ साली काबुकिचो टॉवरमध्ये ‘काबुकी योकोचो’ आले. कंदील आहेत, पाट्या आहेत, गर्दीही आहे. पण गाळ्यांमागे वेगवेगळे मालक नाहीत, आणि एकाच व्यवस्थापनाच्या दालनात सात माणसांसाठी चालणाऱ्या विक्षिप्त, हट्टी दुकानाला जागा मिळत नाही. टोकियोच्याच कात्सुशिका भागातल्या तातेइशीत स्थानकाच्या उत्तरेची जुनी पिण्याखाण्याची आळी २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी रिकामी झाली. गोल्डन गाई वाचली त्याचे मोठे कारण हे की भूखंडांचे तुकडे इतक्या मालकांत विभागलेले आहेत की सगळ्यांची सही एका कागदावर घेणे कठीण. दुसरे असे की चार मीटर रुंद रस्त्याला न लागलेल्या भूखंडावर इमारत बांधायला कायद्याची आडकाठी आहे. ओमोइदे योकोचोच्या शेजारी मात्र आता ओदाक्यू डिपार्टमेंट स्टोअर पाडून सुमारे २६० मीटर उंचीचा ४८ मजली मनोरा उभा राहतो आहे. तो झाल्यावर त्या बोळातल्या एकेका चौरस फुटाला काय भाव येईल, आणि तो भाव समोर आल्यावर किती गाळेवाले विकायला नकार देतील, यावर तिथली कोळशाची शेगडी पेटती राहणे अवलंबून आहे.