मेंदूचा निरोप्या आणि त्याचा लगाम

मनाच्या दुखण्यावर डॉक्टरांनीं गोळी दिली, आठ दिवस घेतली, गुण दिसला नाहीं, म्हणून सोडून दिली. असें आपल्या दिघाशीच्या पंचक्रोशींत काय किंवा शहरांत काय, पुष्कळ घरीं घडतें. कोणी तर दुखणेकऱ्यासच मनाचा दुबळा म्हणून बोल लावितात. अशी गोळी मेंदूंत काय करिते व तिला वेळ कां लागतो, हें कळलें तर पुष्कळांचें अहित टळेल. म्हणून हा लेखनप्रपंच.

मेंदूंतील दोन पेशींमध्यें अत्यंत सूक्ष्म फट असते. एकीचा निरोप दुसरीस पोंचावा म्हणून त्या फटींत कांहीं द्रव्यें सोडलीं जातात. सेरोटोनिन हें त्यांपैकीं एक होय. तें १९४८ सालीं अमेरिकेंत रक्तांतून वेगळें काढण्यांत आलें, व १९५३ सालीं तें मेंदूंतहि असल्याचें दिसून आलें. झोंप, भूक, मनाची स्थिरता यांच्याशीं त्याचा संबंध आहे. शरीरांतील बहुतेक सेरोटोनिन आंतड्यांत असतें. परंतु तें रक्तावाटे मेंदूंत शिरूं शकत नाहीं. मेंदूस आपलें सेरोटोनिन आपणच तयार करावें लागतें. दूध, डाळी, शेंगदाणे यांत असणाऱ्या ट्रिप्टोफॅन नांवाच्या द्रव्यापासून मेंदूच्या बुंध्यांतील थोड्याशा पेशी तें बनवितात.

पलीकडच्या पेशीवर हा निरोप घेणारीं ग्राहकस्थानें असतात. सेरोटोनिन ही किल्ली मानली, तर ग्राहकस्थान हें कुलूप होय. ग्राहकरोधक औषध म्हणजे कुलपांत बसणारी, पण न फिरणारी किल्ली. ती आंत असेपर्यंत खऱ्या किल्लीस वाव मिळत नाहीं. मग अशा औषधानें सेरोटोनिनचें उत्पादन वाढतें कीं घटतें? मुलांनो, तें कोणतें कुलूप अडलें यावर अवलंबून आहे.

कांहीं ग्राहकस्थानें निरोप धाडणाऱ्या पेशीच्या स्वतःच्याच अंगावर असतात. वर्गांत धडा वाचणारा मुलगा आपलाच आवाज ऐकून तो बेताचा ठेवितो. तशी ही पेशी आपण सोडलेलें सेरोटोनिन जोखते, व तें फार झालें तर निरोप धाडणें आणि नवें सेरोटोनिन बनविणें, दोन्ही कमी करिते. हाच तिचा लगाम. त्या मुलाच्या कानांत बोळे घातले, तर तो अधिकच मोठ्यानें वाचूं लागेल! रक्तदाबावरील पिंडोलॉल हें औषध हा लगाम कांहीं अंशीं सैल करितें. म्हणून उदासीनतेच्या औषधांच्या जोडीला तें देऊन पाहण्यांत आलें. कांहीं प्रयोगांत गुण लवकर आला, कांहींत आला नाहीं. उलट, ओकारी थांबविणारें ऑन्डान्सेट्रॉन हें निरोप ऐकणाऱ्यासच बहिरें करितें.

आतां वेळ कां लागतो तें पाहूं. फ्लुओक्सेटीनसारखीं औषधें सोडलेलें सेरोटोनिन पेशींत परत जाऊं देत नाहींत. फटींत तें वाढलें कीं पेशीचा लगाम प्रथम आंवळला जातो. पुढें दोनतीन आठवड्यांत लगामाचीं ग्राहकस्थानें बोथट होतात व निरोप मोकळेपणें वाहूं लागतो. विलंबाचें हें एक कारण शास्त्रज्ञ मानितात. मात्र उदासीनता म्हणजे केवळ सेरोटोनिनची उणीव, इतकी ती सोपी गोष्ट नाहीं.

कुलपास हात न लावितांहि औषध काय करूं शकतें, याचें उदाहरण आपल्या मुंबईशींच निगडित आहे. सर्पगंधेची मुळी आपल्या देशांत पूर्वापार वापरांत होती. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा पद्धतशीर प्रयोग करून १९४९ सालीं तो ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, व जगाचें लक्ष या मुळीकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत तिच्यांतून रिसर्पिन हें द्रव्य काढण्यांत आलें. १९५५ सालीं अमेरिकेंत असें आढळलें कीं, रिसर्पिनमुळें मेंदूंतील सेरोटोनिनचा सांठा रिता होतो. पेशींत सेरोटोनिनच्या जणूं कणग्या असतात. रिसर्पिन त्यांचें तोंड बंद करितें, आणि कणगीबाहेर राहिलेला दाणा किड्यांनीं खावा तसें तें सेरोटोनिन नाश पावतें. हें औषध घेणारे कांहीं रोगी खिन्न झाल्याचें डॉक्टरांनीं नोंदविलें, आणि त्याचा वापर जपून होऊं लागला. रानांतील मुळी झाली तरी ती निरुपद्रवी असतेच असें नाहीं, हा यांतला बोध.

पालकांस नम्र विनंती ही कीं, मनाचें औषध आपल्या बुद्धीनें सुरूं करूं नये, आणि एकाएकीं बंदहि करूं नये. मेंदू त्या औषधाशीं जुळवून घेत असतो. तें अचानक तोडल्यास त्याचा तोल जातो. शंका आली तर डॉक्टरांस विचारावें. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ पासून आपल्या जिल्ह्यांत आहे; तेथें जाण्यांत कमीपणा तो कसला? पाय मोडला असतां आपण प्रार्थनाहि करितों व हाडहि बसवून घेतों. देवानें दिलेल्या मेंदूची निगाहि तशाच श्रद्धेनें व तितक्याच धीरानें घेणें हें आपलें कर्तव्य आहे.