धक्का बांधा, पण सावली सांभाळून!

कोकणची सहल करून आलेला आमच्या चौथीतला एक पठ्ठ्या मला म्हणाला, "बाई, माझं घर समुद्राला लागून असतं ना, तर मी मागच्या दारी स्वतःचा धक्का बांधला असता. शाळा सुटली की होडी सोडायची!" सगळा वर्ग हसला. पण असे घरचे धक्के खरंच असतात बरं का! अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात पाण्याकाठच्या कितीतरी घरांमागे लाकडी धक्का दिसतो, जशी आपल्या दारात सायकल.

मात्र घर आपलं म्हणून पाणी आपलं होत नाही. भरतीच्या रेषेपुढचा तळ तिथे सहसा राज्याचा, म्हणजे सगळ्या जनतेचा. जहाजं चालतील अशा पाण्यात काही बांधायचं तर १८९९ च्या कायद्याप्रमाणे सैन्याच्या अभियंता विभागाची परवानगी लागते. राज्याचे नियम आणखी वेगळे. शेजाऱ्याच्या हद्दीपासून साधारणपणे २५ फूट आत राहायचं, वगैरे वगैरे. ते आईबाबांनी वाचावं. मला गंमत वाटली ती सावलीच्या नियमांची.

तिथल्या उथळ खाऱ्या पाण्यात समुद्रगवत उगवतं. हे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलंसुद्धा येतात. त्यात कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लं लपतात. आणि मॅनाटी नावाची साडेचारशे किलोची गरीब समुद्रगाय ते चरते. (आपल्या देशाच्या समुद्रात तिची चुलत बहीण आहे, डुगाँग.) या गवताला वरच्या उन्हापैकी साधारण १५ ते २५ टक्के ऊन तरी तळाशी पोचावं लागतं. वर रुंद धक्का आला की खाली कायमची सावली, आणि गवत मरतं.

म्हणून गवतावरून जाणाऱ्या धक्क्यांसाठी २००१ साली सूचना निघाल्या. रुंदी चार फुटांहून जास्त नको. सरासरी भरतीच्या पाण्यापासून उंची निदान पाच फूट. फळ्यांमध्ये अर्ध्या इंचाची फट. आणि जमेल तर धक्का उत्तर-दक्षिण!

उत्तर-दक्षिण का? आम्ही हिवाळ्यात शाळेच्या पटांगणात करून पाहिलं, तुम्हीही करा. दोन विटांवर एक फूटपट्टी उत्तर-दक्षिण ठेवा, दुसरी पूर्व-पश्चिम. दर तासाला सावली खडूने आखा. पहिलीची सावली सकाळी पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला सरकते. दुसरीची मात्र बहुतेक एकाच पट्ट्यात ठाण मांडून बसते. विटा वाढवल्यात तर पहिलीची सावली आणखी लांब पळते. उंचीचा नियम असा कळतो.

बांधकाम चालू असताना मॅनाटी ५० फुटांच्या आत आली तर पाण्यातलं सगळं काम बंद! ती दूर जाईपर्यंत, किंवा पुन्हा न दिसता ३० मिनिटं उलटेपर्यंत थांबायचं. तिला हुसकायचं नाही. मजूर मुकाट बसलेत आणि ही बाई निवांत चरतेय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं.

एवढी काळजी का, तर २०२१ साली फ्लोरिडात सुमारे ११०० मॅनाटी मेल्या. इंडियन रिव्हर नावाच्या खाजणात कितीतरी उपाशी मेल्या. तिथला दोष धक्क्यांचा नव्हता. सांडपाणी आणि खतं पाण्यात उतरून शेवाळ माजलं, ऊन अडलं आणि गवत गेलं. त्या हिवाळ्यात सरकारी लोकांना लेट्यूसचा पाला टाकून त्यांना जगवावं लागलं.

हे ऐकून आमचा पठ्ठ्या गप्प झाला. मग दुसऱ्या दिवशी म्हणतो, "बाई, कोकणात समुद्र पश्चिमेला. धक्का सरळ काढला तर तो पूर्व-पश्चिमच होणार की!"

शाब्बास! इंडियन रिव्हरही उत्तर-दक्षिणच पसरलेलं आहे, तिथेही हीच अडचण. म्हणून तर "जमेल तर" म्हटलंय. दिशा जमली नाही, की उंची, अरुंदपणा आणि फटी यांच्यावरच भिस्त. आता तो वहीत दहा फूट उंच धक्का काढतोय. होडीत उतरायला शिडी लागेल, हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.